भाड्याचा फ्लॅट की स्वतःचं घर: ‘द सिम्स ४’मधल्या एका कुटुंबाचं प्रकरण

पार्श्वभूमी

राजारामपुरीतल्या एका भाड्याच्या फ्लॅटमध्ये हे प्रकरण घडलं, म्हणजे खरं तर तिथल्या लॅपटॉपवर. त्या घरातली दोन भावंडं मला मावशी म्हणतात. नावं बदलून त्यांना इथं ऋतुजा आणि पार्थ म्हणते. ऋतुजा पुण्यात नोकरी करते आणि शनिवार-रविवारी कोल्हापूरला येते. पार्थ दहावीत आहे. दोघांचा मिळून एकच लॅपटॉप, एकच ‘सिम्स ४’ आणि त्यातलं एकच कुटुंब. हे सगळं दोघांच्या परवानगीनं लिहिते आहे.

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. ‘द सिम्स ४’ २०१४ साली आला आणि ऑक्टोबर २०२२पासून मूळ खेळ फुकट मिळतो. आपण माणसं तयार करायची, त्यांना घर द्यायचं, नोकरी लावायची, जेवू-झोपू घालायचं. जिंकणं-हरणं नाही, संसार चालवायचा. तिथलं चलन सिमोलियन. नवं कुटुंब एका माणसाचं असेल तर सुरुवातीला २०,००० मिळतात आणि पुढच्या प्रत्येक माणसामागं २,००० जादा. या दोघांनी भाऊ-बहीण अशी दोन माणसं केली, म्हणून त्यांच्या हातात २२,००० आले. खेळातली बहीण चित्रकार, भाऊ बागकामातला. ही आवडीची वाटणी पुढं महत्त्वाची ठरली.

त्यांच्याकडं ‘सिटी लिव्हिंग’ हा २०१६चा विस्तारही, म्हणजे मूळ खेळाला जोडायचा जादा भागही होता. त्यात सॅन मायशुनो नावाचं उंच इमारतींचं शहर मिळतं आणि फ्लॅटमध्ये भाड्यानं राहता येतं. ऋतुजानं तिथल्या स्पाइस मार्केट भागातला एक जुना, स्वस्तातला फ्लॅट फर्निचरसकट घेतला. पार्थनं तेव्हा विचारलं होतं, ‘‘ताई, स्वतःचं घर मिळत असताना भाडं कशाला गं?’’ त्यावर ती म्हणाली, ‘‘शहरात राहिलं की सगळं दारात मिळतं.’’ पुण्यात भाड्याच्या खोलीवर राहणाऱ्या मुलीला हे सहज सुचलं. प्रकरणातला पहिला निर्णय हा असा, कुणी फारसं न बोलता झाला.

प्रश्न कुठं अडला

खेळातला एक मिनिट म्हणजे आपला एक सेकंद. साध्या वेगानं चालवलं तर तिथला एक दिवस आपल्या २४ मिनिटांत संपतो आणि एक आठवडा २ तास ४८ मिनिटांत. भाडं दर आठवड्याला. म्हणजे दोघांनी रविवारी दुपारी नीट बसून खेळायचं म्हटलं की एकदा तरी भाड्याचा दिवस येणारच. पार्थच्या डोळ्यांत तेच खुपायचं. ‘‘मावशी, नुसते पैसे जायलेत. हातात काय राह्यलंय सांग.’’

भाडं हजाराच्या पुढं होतं. एक चित्र विकलं गेलं की दोन दिवस बरे जायचे, मग भाडं, मग पुन्हा मोजून-मापून. फ्लॅट जुना असल्यानं त्याला खेळाच्या भाषेत डागडुजीची गरज असलेलं घर असा शिक्का होता. कधी नळाचा पाइप फुटायचा, कधी फ्यूज उडायचा, उंदीर आणि झुरळं तर नित्याचीच. घरमालकाला फोन करून बोलावून दुरुस्ती सांगता येते, नाहीतर आपल्या माणसानं पान्हा हातात घ्यायचा. पार्थचा माळीबुवा निम्मा वेळ फ्यूज बोर्डापुढं उभा असायचा.

पण खरा घोळ आवाजाचा होता. शेजारचं बिऱ्हाड रात्री गलका करायचं. पलीकडच्या भिंतीतून धडधड यायची, चित्रकार बहीण झोपेतून उठून बसायची. शेजारच्या दारावर जाऊन थापा मारल्या की गप्प व्हायचे, पण तोवर झोप मोडलेली. सकाळी ती इझलपुढं, म्हणजे चित्र काढायच्या घोडीपुढं, उभी राहायची तेव्हा तिच्या मनावर ताण. या खेळात चित्र चांगलं निघायला मन प्रेरणेनं भरलेलं असावं लागतं. ताणलेल्या मनानं काढलेली चित्रं कमी दराची निघतात. म्हणजे आवाजाची किंमत भाड्यात कुठंच दिसत नव्हती, पण ती दर आठवड्याला उत्पन्नातून वजा होत होती. हे दोघांपैकी कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं, कारण तोवर त्यांनी काही लिहून ठेवलेलं नव्हतं.

पार्थची अडचण वेगळी. त्याला जमीन हवी होती. फ्लॅटमध्ये कुंड्या ठेवता येतात, आतल्या भिंतीही हलवता येतात, पण इमारतीची बाहेरची भिंत तुमची नसते. एक खोली वाढवायची, अंगणात सफरचंदाचं झाड लावायचं, हे तिथं होतच नाही.

एका बुधवारी, ताई पुण्यात असताना, पार्थनं घर घेतलं.

खेळातल्याच विलो क्रीक या गावातलं तयार, छोटं घर. नव्या कुटुंबाच्या २०,०००मध्ये बसतील अशी काही घरं तिथं मुद्दाम ठेवलेली असतात, त्यातलंच एक. घर घेऊन झाल्यावर शिल्लक ३१२ सिमोलियन. आणि फ्लॅट सोडताना खेळ विचारतो, सामान बरोबर न्यायचं की विकायचं? पैसे कमी पडत होते म्हणून त्यानं विकायचं निवडलं. त्या सामानात भिंतीवर टांगलेलं, ऋतुजानं जपून ठेवलेलं पहिलं मास्टरपीस, म्हणजे सर्वांत वरच्या दर्जाचं चित्र होतं.

शनिवारी ती आली, लॅपटॉप उघडला आणि रिकाम्या भिंतीकडं बघत राहिली. ‘‘माझं चित्र कुठाय रं?’’ एवढंच विचारलं. त्यानंतर दोघं दिवसभर बोलली नाहीत. संध्याकाळी त्यांच्या आईचा मला फोन आला.

समोर असलेले पर्याय

मी गेले तेव्हा पहिलं काम चित्र परत आणायचं होतं. खेळ उघडल्यावर जिथून जुना डाव लोड करतो, तिथंच आधीच्या काही सेव्हच्या, म्हणजे जतन केलेल्या डावाच्या, प्रती परत मिळवायची सोय असते. फार लोकांना ती माहीत नसते. बुधवारच्या आधीची प्रत सापडली. चित्र भिंतीवर होतं. मग चहा झाला आणि मग खऱ्या प्रश्नाकडं वळता आलं: आता काय करायचं?

पार्थचं म्हणणं सरळ होतं. भाडं म्हणजे पाण्यात, घर म्हणजे आपलं. आईनंही स्वयंपाकघरातून ‘घर पाहावं बांधून’ असं ऐकवलं. ऋतुजा म्हणाली, की घर घेऊन खिशात दमडी नसेल तर त्या घराचं करायचं काय.

मला दोघांचंही पटत होतं, पण दोघंही खऱ्या आयुष्यातली कारणं खेळात आणत होती. म्हणून वहीचं एक पान घेतलं आणि कोल्हापुरात घर घेताना आपण जे-जे बघतो ते एकेक करून खेळाला लावून पाहिलं.

आपल्याकडं घर म्हणजे गृहकर्ज. पगारातून हप्ता जातो आणि म्हणून भाडं आणि हप्ता यांची तुलना होते. सिम्स ४च्या मूळ खेळात गृहकर्ज नाहीच. सगळी रक्कम रोख, एकदम. आपल्याकडं जागेचा भाव चढेल ही आशा असते. तिथं जमीन आपोआप महाग होत नाही. तुम्ही बांधलं, सामान आणलं तर किंमत वाढते आणि वापरलेल्या वस्तूंची तर उतरते. म्हणजे घर घेण्याची आपली दोन मोठी कारणं तिथं नाहीतच. पार्थचा चेहरा पडला.

पण मग भाड्याचंही तेच केलं. आपण भाड्यानं का राहतो? कामाच्या जवळ राहावं म्हणून. शिरोलीच्या एमआयडीसीत नोकरी असली तर घर तिकडच्या अंगाला बघतो. खेळात माणूस कुठल्याही गावातून कामावर जातो, त्याला प्रवासाचा वेळ लागत नाही की पैसे लागत नाहीत. सॅन मायशुनोतला मसाल्यांचा महोत्सव, तिथला जुना बाजार, सगळीकडं न्यूक्रेस्टसारख्या खेळातल्या दुसऱ्या गावात राहूनही फुकट जाता येतं. ‘सगळं दारात मिळतं’ हे ऋतुजाचं कारणही गळालं. अकरा महिन्यांचा करार, घरमालकानं घर सोडायला सांगण्याची धास्ती, यातलंही काही त्या फ्लॅटला नव्हतं.

मग उरतं काय? दोन गोष्टी. बाहेरच्या भिंतीही हलवायचं स्वातंत्र्य आणि हातात राहणारी रोख. माझ्या मते या खेळातला भाडं की घर हा सगळा प्रश्न एवढ्यावरच उभा आहे. यातलं स्वातंत्र्य तुमच्या माणसांना रोज लागतं का, आणि ते विकत घेतल्यावर पुढची दोन बिलं भरायची ताकद उरते का?

त्या हिशेबानं पर्याय मांडले. त्याच फ्लॅटमध्ये राहायचं किंवा त्याच शहरात जरा शांत, डागडुजी नसलेला फ्लॅट बघायचा. किंवा पार्थचं विलो क्रीकचं तयार घर. किंवा न्यूक्रेस्टमध्ये मोकळा प्लॉट घेऊन एका खोलीपासून बांधायला घ्यायचं. न्यूक्रेस्ट हे गाव २०१५ साली खेळात फुकट आलं आणि तिथले पंधराही प्लॉट रिकामे असतात. पार्थनं हळूच चौथाही पर्याय सुचवला: ‘मदरलोड’ हा शब्द टाइप केला की एका फटक्यात ५०,००० मिळतात. ऋतुजानं नाही म्हटलं आणि मला ते योग्य वाटलं. तो वापरणं वाईट नाही, घरं सजवायला बसणारे बरेच जण वापरतात. पण मग या प्रश्नात प्रश्नच उरत नाही.

काय केलं

वाद मिटेना, म्हणून परत मिळवलेल्या सेव्हच्या दोन प्रती केल्या. एकीचं नाव ‘फ्लॅट’, दुसरीचं ‘घर’. दोन्हीत माणसं तीच, कौशल्यं तीच, पैसे तेच. ‘घर’मध्ये पार्थचा निर्णय पुन्हा घेतला, फक्त या वेळी चित्र आणि इझल बरोबर नेलं, त्यामुळं शिल्लक आणखी कमी राहिली. ठरलं असं, की दोन्ही डाव खेळातले चार-चार आठवडे चालवायचे आणि वहीत रोजची नोंद ठेवायची: शिल्लक, विकलेली चित्रं, मोडलेली झोप, भरलेलं बिल.

ती वही माझ्यासमोर आहे. ‘घर’च्या पानावर पहिल्या आठवड्यात पार्थचं अक्षर मोठं आणि खुशीतलं आहे: ‘शांत झोप. बहीण प्रेरित. टोमॅटो लावले.’ मग बिल येतं. घराला भाडं नसलं तरी दर आठवड्याला टपालातून बिल येतंच. ते घराच्या आणि सामानाच्या किमतीवर ठरतं, वर वीज-पाण्याचा वापर. पार्थनं त्याला वहीत ‘घरफाळा’ म्हटलंय आणि ते नाव चपखल आहे. भाड्यापेक्षा ते बरंच कमी होतं. तरीही भरायला पैसे नव्हते, कारण सगळं घरात घातलं होतं. मुदत टळली आणि वीज तुटली.

त्या दिवसाची नोंद मला फार आवडली. फ्रीज बंद, शेगडी बंद, दिवे बंद. पण इझलला वीज लागत नाही. बहिणीनं उजेड असेतोवर खिडकीपाशी चित्र काढलं, ते विकलं, भावानं कच्चे टोमॅटो खाल्ले आणि उरलेले विकले. रात्री अंधारात झोपले. दुसऱ्या दिवशी आणखी एक चित्र विकून बिल भरलं, दिवे लागले. पार्थनं खाली लिहिलंय: ‘थोडे पैसे ठेवायला पाहिजे होते.’

‘फ्लॅट’च्या पानावर असं नाट्य नाही. वीज कधी तुटली नाही. शिल्लक वर जाते, भाड्याला खाली येते, पुन्हा तेवढीच वर जाते. चार आठवड्यांनी ती जवळपास होती तिथंच होती. ‘रात्री आवाज’ ही नोंद मात्र पुन्हा-पुन्हा आहे आणि त्याच्या पुढच्या दिवशी चित्राचा दर कमी. ऋतुजानं स्वतःच त्या दोन रकान्यांना पेन्सिलीनं रेघ मारून जोडलं. मी काही सांगायची गरज पडली नाही.

काय झालं

चार आठवड्यांनंतर रोख ‘फ्लॅट’कडं जास्त होती. ‘घर’कडं रोख कमी, पण घराची किंमत धरली तर तो डाव पुढं. इथं दोघं पुन्हा अडली, आणि हा मुद्दा साधा नव्हता. पार्थ म्हणाला, घर आपलंय, मग धरायलाच पाहिजे. ऋतुजा म्हणाली, ‘‘विकून कुठं राहणार? जे विकणारच नाही ते मोजायचं कसं?’’ माझा कल ऋतुजाकडं आहे. राहतं घर ही संपत्ती असते हे खरं, पण बिलाच्या दिवशी तिचा उपयोग होत नाही. खेळात हप्त्यानं पैसे उचलायची सोय नसल्यानं हे आणखीच खरं.

हेही सांगायला हवं, की दोन डाव म्हणजे पुरावा नव्हे. ‘फ्लॅट’मध्ये शेजारी कधी गप्प राहिले असते, ‘घर’मध्ये एखादं मास्टरपीस लवकर निघालं असतं, तर आकडे बदलले असते. पण वीज तुटण्याचं कारण नशीब नव्हतं आणि झोप आणि चित्राचा दर यांचं नातंही नशिबाचं नव्हतं. ठरवायला तेवढं पुरेसं होतं.

शेवटी दोघांनी ‘फ्लॅट’च्या सेव्हमधून पुढं जायचं ठरवलं, पण फ्लॅटमध्ये न राहता. न्यूक्रेस्टमध्ये २० बाय १५ चौकटींचा छोटा प्लॉट घेतला. त्यावर एकच खोली आणि एक मोरी बांधली. दोन पलंग, फ्रीज, शेगडी, खिडकीजवळ इझल, बाहेर वाफे. टीव्ही नाही, सोफा नाही. सामान विकायचं की न्यायचं, या प्रश्नाला या वेळी ऋतुजानं स्वतः उत्तर दिलं आणि चित्र सर्वांत आधी टांगलं. नियम एकच: दोन आठवड्यांच्या बिलाएवढी रक्कम बाजूला राहिल्याशिवाय नवी वीट लावायची नाही.

तो नियम पार्थला जड गेला, पण त्यानं पाळला. खोल्या हळूहळू वाढल्या. आधी बहिणीची झोपायची खोली वेगळी झाली, मग ओटा. बागेचं उत्पन्न सुरुवातीला मामुली होतं. रोपांचा दर्जा वाढत गेला तसं ते बिल भरण्याइतकं झालं. वीज पुन्हा तुटली नाही.

गेलं काय? शहराची वर्दळ. फ्लॅटमध्ये शेजारी दार ठोठावून यायचे, त्यांतल्या एका शेजारणीला ऋतुजानं फ्लॅटची किल्लीही दिली होती. न्यूक्रेस्टमध्ये आजूबाजूला रिकामे प्लॉट. महोत्सवाला जाता येतं, पण तिथं मुद्दाम जावं लागतं, आणि मुद्दाम करायच्या गोष्टी राहून जातात. ऋतुजाला ते जाणवलं. तिनं ‘फ्लॅट’ची मूळ प्रत पेनड्राइव्हवर घेऊन पुण्याला नेली.

वेगळं काय करता आलं असतं

अगदी सुरुवातीला, २२,००० हातात असताना, घर निवडण्याआधी माणसं दिवसभर काय करणार ते बघायला हवं होतं. एक चित्रकार, जिला शांतता लागते. एक माळी, ज्याला माती लागते. हे दोघं गजबजलेल्या इमारतीतल्या डागडुजीच्या फ्लॅटमध्ये नेऊन ठेवले तिथंच निम्मं प्रकरण ठरलं होतं. तेच कुटुंब राजकारणी आणि समीक्षक असतं, रोज कामावर जाणारं, संध्याकाळी चार लोकांत मिसळणारं, तर मी डोळे झाकून फ्लॅट सुचवला असता. मात्र फर्निचर नसलेला मोकळा फ्लॅट. त्यात सुरुवातीला हात फार सोडावा लागत नाही आणि रोख जवळ राहते.

फ्लॅटच घ्यायचा होता तर त्याचे गुणदोष आधी वाचायला हवे होते. प्रत्येक फ्लॅटच्या माहितीत ते चिन्हानं दाखवलेले असतात. स्वस्त भाड्यामागचं कारण तिथंच लिहिलेलं होतं.

पार्थनं ताईला न विचारता घर घेतलं हे चुकलंच, आणि त्यानं ते मान्य केलंय. पण मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते हे, की त्यानं नवी सेव्ह न करता त्याच डावावर लिहून टाकलं. मोठा निर्णय घ्यायच्या आधी ‘सेव्ह ॲज’ करून वेगळं नाव दिलं असतं तर भांडण एका मिनिटात मिटलं असतं. परत मिळवायच्या प्रतींवर भरवसा ठेवू नये. नव्या सेव्ह होत गेल्या की जुन्या प्रती मागं पडून नाहीशा होतात.

डिसेंबर २०२३मध्ये आलेला ‘फॉर रेंट’ हा विस्तार त्यांच्याकडं असता तर पाचवाही पर्याय होता: एका प्लॉटवर जास्तीत जास्त सहा बिऱ्हाडं बांधून एकात स्वतः राहायचं आणि बाकीची भाड्यानं द्यायची. रोखीचा प्रश्न त्यानं बराच सुटला असता. पण मग भाडेकरूंच्या तक्रारी, भिंतीवरची बुरशी, नियम मोडणारे, आणि फारच दुर्लक्ष केलं तर भाडेकरूंचं बंड, हे सगळं माळ्याच्या गळ्यात पडतं. या कुटुंबाला मी ते इतक्या लवकर सुचवलं नसतं.

आणि प्लॉट. खोल्या वाढवता येतात, मजले चढवता येतात, पण प्लॉटची हद्द वाढवता येत नाही. २० बाय १५ तेव्हा स्वस्त वाटला, आणि रोख वाचवायची म्हणून तो बरोबरही होता. आता पार्थची झाडं कुंपणाला टेकली आहेत आणि तो शेजारच्या ३० बाय २०वर डोळा ठेवून आहे. तिथं जायचं म्हणजे पुन्हा सामान बांधणं आलं. ऋतुजानं पुण्याहून निरोप पाठवलाय, की शनिवारी ती येईपर्यंत कुणी काही हलवायचं नाही.